तुम्ही विचारलंत म्हणून: फवारणीनं गाय उलटते का?

"मॅडम, फवारणीच्या चाऱ्यानं गाय उलटते काय वो?" यवतमाळ जिल्ह्यात जनावरं तपासत फिरताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की तर हमखास. उलटणं म्हणजे भरवूनही गाभण न राहता गाय पुन्हा माजावर येणं. गोठ्यात उभ्या उभ्या पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

उलटणाऱ्या बहुतेक गाईंमध्ये दोष फवारणीचा नसतो. माज ओळखायला उशीर झालेला असतो, उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर हाडं निघालेली असतात, खनिज मिश्रणाचा पत्ता नसतो, नाहीतर मागच्या वेळी वार अडकून गर्भाशयात पू झालेला असतो. सोट, म्हणजे माजावर गळणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आहे की पांढुरका, एवढं जरी बघितलं तरी बरंच कळतं.

तरी तुमची शंका खोटी नाही. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते ती इस्ट्रोजन या मादीच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) हुकमावर. बीजाशयातून ते रक्तात उतरतं, मेंदूला खबर देतं, मग मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी दुसरं संप्रेरक सोडते आणि बीज सुटतं. माजाच्या दिवशीही एक मिलिलिटर रक्तात हे इस्ट्रोजन एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतकंसुद्धा नसतं. एवढ्याशा मात्रेवर चालणाऱ्या कारभारात त्याच्यासारखं वागणारं दुसरं द्रव्य शिरलं की खबर चुकीच्या वेळी जाते.

असं द्रव्य कीटकनाशकाच्या डब्यातूनच येतं असं नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या शेंगवर्गीय चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या फळेनाशा झाल्या. चारा हिरवागार, मेंढ्या धष्टपुष्ट, आणि कोकरं नाहीत. त्या चाऱ्यातल्या एका द्रव्याचं मेंढीच्या पोटात इस्ट्रोजनसारख्या द्रव्यात रूपांतर होत होतं. वर्षानुवर्षं तो चारा खाल्लेल्या मेंढ्यांच्या गर्भाशयाचं तोंडच कायमचं बदललं. नंतर चारा बदलूनही त्यांतल्या अनेक फळल्या नाहीत. सोयाबीनच्या दाण्यात याच कुळातली द्रव्यं असतात. गाई मेंढ्यांपेक्षा ती बऱ्यापैकी सोसतात, म्हणून सोयाबीनच्या कुटाराला, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाला, घाबरू नका. बुरशी लागलेला मका मात्र जनावरापुढे टाकू नका. त्यातल्या एका बुरशीचं विष थेट इस्ट्रोजनसारखं काम करतं, डुकरिणींमध्ये तर माज नसताना योनी सुजते. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य इस्ट्रोजनसारखं नव्हे, पण ते नराच्या शुक्राणूंवर घाला घालतं. १९७०च्या दशकात चीनमध्ये ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिलं होतं. वळूला किंवा वाढत्या गोऱ्ह्याला सरकी भरमसाट घालू नका ती यासाठी.

आता फवारणीकडे येते. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारताना माणसं दगावली, ती विषबाधा तत्काळ होती, मज्जासंस्थेवरची. संप्रेरकांचं नुकसान असं लगेच दिसत नाही. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचा एक प्रकार इस्ट्रोजनची नक्कल करतो, आणि शरीरात डीडीटीपासून तयार होणारं डीडीई नराच्या संप्रेरकाची वाट अडवतं. ते चरबीत साठतं, दुधातून उतरतं. डीडीटी आपल्याकडे शेतीतून १९८९ साली बंद झालं. एंडोसल्फान हे कीटकनाशक तर आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षं पडलं, २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं.

सगळ्यात नाजूक काळ गर्भातला. डीईएस नावाचं इस्ट्रोजन १९३८ साली प्रयोगशाळेत तयार झालं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. त्यांच्या मुली तारुण्यात आल्या तेव्हा काहींना योनीचा दुर्मीळ कर्करोग निघाला, अनेकींच्या गर्भाशयाची घडणच बिघडलेली होती. १९७१ साली हा संबंध उघड झाला. औषध घेतलं आईनं, भोगलं मुलीनं.

हे वाचल्यापासून गोठ्यातल्या एका वस्तूनं माझा जीव टांगणीला लागतो. कीटकनाशकाचा पाच लिटरचा कॅन वरून कापायचा आणि त्यात ढेप भिजवायची. एका घरी कॅनवर विषाचा लाल त्रिकोण तसाच होता, आतल्या कडेला पिवळट थर, आणि सात महिन्यांची गाभण कालवड त्यात तोंड घालून खात होती. धुऊन तो कॅन स्वच्छ होत नाही. तो भोकं पाडून निकामी करा. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवत लगेच कापून आणू नका, गाभण जनावराला तर नाहीच. आणि पंपात पाणी ओतायला, फवारणीचे कपडे धुवायला घरातली गरोदर सून पाठवू नका.

गाय तपासून झाली की बऱ्याचदा घरातली बाई मागं थांबून हळूच विचारते, "आमच्या सुनेचंही तसंच तर नसंल ना?" मी जनावरांची डॉक्टर, त्यावर औषध देऊ शकत नाही. पण एवढं सांगते, की हे विष बाई आणि पुरुष असा भेद करत नाही. सरकीनं, डीडीईनं तर नरही बिघडतात. काकू, सुनेला एकटीला दवाखान्यात धाडू नका. मुलालाही सोबत पाठवा, आणि वीर्याची तपासणी आधी करायला सांगा. ती सोपी असते, सुनेच्या तपासण्यांसारखा तिचा त्रास नसतो.