‘श्वास घे’ नको, ‘श्वास सोड’ म्हणा

कुणी रडायला लागलं, चिडलं, घाबरलं की आपण पटकन म्हणतो, अगं दीर्घ श्वास घे. मला हा सल्ला अर्धाच वाटतो आणि तोही नको तो अर्धा. घाबरलेला माणूस आधीच वरच्यावर भराभर श्वास घेत असतो, छाती भरलेली असते, त्याला अजून घे सांगून काय होणार? त्याला सोड म्हणायचं. हळू, लांब, सगळा.

चिपळूणात राहणाऱ्यांना हे लगेच पटेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर इथे जुलैमधली मुसळधार रात्र साधी राहिलेलीच नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की लोकं जागी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणी कुठपर्यंत आलं विचारत बसतात, कुणी फ्रीजखाली विटा लावतं, कुणी कागदपत्रं माळ्यावर टाकतं. अशाच एका रात्री शेजारच्या काकूंच्या हाताला मुंग्या आल्या, बोटं ताठ झाली, ओठ बधिर, चक्कर, आणि सारखं म्हणत होत्या श्वासच पुरत नाही गो बाय. आतमध्ये मात्र उलटंच चाललेलं असतं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर, मुंग्या सगळं सुरू होतं, रक्तात ऑक्सिजन काही कमी पडलेला नसतो. पण हे त्या वेळी समजावून उपयोग नाही. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हटलं काकू गरम आहे, फुंकर घाला. घातली. परत घाला म्हटलं. असं करत करत चहा निवला तोवर बोटं सैल झाली होती आणि त्या मलाच विचारत होत्या तुझ्या घरात पाणी नाही ना आलं.

फुंकर घालायला सांगितलं की टेक्निक शिकवावं लागत नाही, ओठांचा चंबू होतो आणि श्वास आपोआप लांब बाहेर जातो. म्हणून मला हे फार आवडतं.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूतून निघून छाती, पोटापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह आहे, श्वास सोडताना तिचा ब्रेक हृदयावर जास्त लागतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, तो आकडा ६ च्या आसपास आणला की फरक जाणवतो, म्हणजे ४ सेकंद आत आणि ६ सेकंद बाहेर. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला तर तोही मिनिटाला ६ च्या आसपासच आला! आमची आजी तिन्हीसांजेला दिवा लावून एका दमात स्तोत्राची ओळ म्हणायची त्याची मला आठवण झाली. आणि २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात महिनाभर रोज ५ मिनिटं वेगवेगळे प्रकार करून बघितले, त्यात नाकाने दोनदा श्वास आत आणि मग तोंडाने लांब उसासा, या प्रकाराने मूड सगळ्यात जास्त सुधारला.

रील्समध्ये श्वास रोखून धरायचे आकडे दाखवतात, तेही चांगलंच आहे, पण घाबरलेल्या माणसाला श्वास रोख म्हणू नका, त्याची घुसमट अजून वाढू शकते.

आता रागाचं. गणपतीत मुंबईचे सगळे गावी येतात आणि गौरी गेल्या की पडवीत सामाईक जमिनीचा विषय निघतोच. आमच्याकडे आत्यासमोर हक्कसोडपत्र ठेवलं, सही कर म्हणून. कानशिलं तापली माझी. मी खांब धरून उभी होते, दोन उसासे सोडले, कुणाला कळलंही नाही, आणि मग म्हटलं काका, आत्याला आधी कागद वाचू दे, २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. आवाज चढला नाही म्हणून कुणाला विषय बदलता आला नाही. सही झाली नाही त्या दिवशी. हे मुद्दाम सांगतेय कारण शांत राहा हे आपल्याकडे बायकांना गप्प बसवायला वापरतात. श्वास सोडायचा तो राग गिळायला नाही, नीट बोलता यावं म्हणून.

सवय मात्र आधी करून ठेवा, एसटीची वाट बघताना, भात शिजेपर्यंत, कधीही. ऐन वेळी पहिल्यांदा करायला गेलं की सुचत नाही.

आणि तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय करू नका, तो धोक्याचा आहे. छातीत दुखतंय, दंड किंवा जबडा भरून आलाय, घाम फुटलाय तर भीतीच असेल म्हणून फुंकर घालत बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन लावायचा.