कोटाच्या आत शेगडी नसते

माझी पाच वर्षांची भाची एकदा पुस्तकातल्या मुलाच्या कोटावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ह्याच्या आत शेगडी असते का?" प्रश्न अगदी रास्त होता. कोट घातला की ऊब येते, तेव्हा ती कोटातूनच येत असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. मी तिला सांगितले की ऊब आपल्या अंगाचीच असते, कोट तिला फक्त बाहेर पळू देत नाही. लोकरीच्या केसांमध्ये आणि कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून पडते, ती जागची हलत नाही, आणि अशी स्तब्ध हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. एकाच जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले दोन-तीन पातळ कपडे पुष्कळदा अधिक उबदार वाटतात, ते थरांमधल्या हवेमुळेच. तिने सगळे ऐकून घेतले, स्वतःच्या पोटावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे शेगडी मी!"

गोधड्या आणि थंडीतले कपडे हा विषय असलेली चित्रपुस्तके मी गेली काही वर्षे जमवते आहे. मी स्वतः थोडेफार शिवते, त्यामुळे चित्रात कापड दिसले की माझी नजर आधी शिवणीकडे जाते. या सवयीतूनच माझी एक कसोटी तयार झाली आहे, आणि ती अशी की ज्या पुस्तकात टाका दिसतो, म्हणजे हे कापड कुठून आले, कोणी शिवले, कशाचे होते आणि पुढे त्याचे काय झाले हे मुलाला चित्रात पाहता येते, ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. याउलट अनेक पुस्तकांत पांघरूण म्हणजे अस्वलाच्या पिल्लाच्या हनुवटीपर्यंत ओढलेला एक गुबगुबीत निळा आकार असतो. ती पुस्तके वाईट नसतात, झोपेच्या वेळी उपयोगीही पडतात, पण त्या निळ्या आकाराला ना उलट बाजू असते ना काठ, आणि दुसऱ्या वाचनात मुलाने विचारावे असे त्यात काही उरत नाही.

कपडा कसा तयार होतो हे सांगणारे माझे सर्वांत आवडते पुस्तक शंभराहून अधिक वर्षांचे आहे. स्वीडनच्या एल्सा बेस्कोव यांनी 1910 साली पेले नावाच्या मुलाच्या नव्या कपड्यांची गोष्ट लिहिली आणि तिची चित्रेही स्वतःच काढली. पेलेचे एक कोकरू आहे. कोकरू वाढते तशी त्याची लोकरही वाढते. पेलेही वाढतो, पण त्याचा कोट काही वाढत नाही. मग तो कोकराची लोकर कातरून आजीकडे जातो. आजी लोकर पिंजून देते, तोवर तो तिच्या गाजरांच्या वाफ्यातले तण काढतो. दुसरी आजी सूत काततानाच्या वेळात तो तिच्या गायी राखतो. रंगासाठी तो एका रंगाऱ्याकडे जातो. रंगारी त्याला होडीतून दुकानात टर्पेंटाइन आणायला पाठवतो आणि उरलेल्या पैशांत तुझा रंग घे म्हणतो. निळ्या रंगात सूत बुडवायचे काम पेले स्वतः करतो. आई माग चालवते तेव्हा तो धाकट्या बहिणीला सांभाळतो, आणि शिंपी कपडे शिवतो तेव्हा तो गवत गोळा करतो, डुकरांना खायला घालतो, लाकडे वाहतो. शेवटी नवे निळे कपडे घालून तो कोकराचे आभार मानायला जातो.

या पुस्तकात प्रत्येक कामाच्या बदल्यात काम आहे, आणि ते काम एका लहान मुलाला खरोखर जमण्याजोगे आहे. आजी लोकर पिंजते म्हणजे नेमके काय करते हे चित्रात दिसते, आणि पेले तिच्यासाठी काय करतो हेही त्याच चित्रात दिसते. कुठेही कोणी कोणाला श्रमाचे महत्त्व सांगत नाही. भाचीला त्यातले रंगवण्याचे पान सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे पेले एकटा असतो. मला मात्र शिंप्याचे पान आवडते. शिंपी आपल्या कामात गढलेला आहे, आणि बाहेर पेले एकामागून एक इतकी कामे उरकतो आहे की कपडा शिवायला किती वेळ लागतो हे मुलाला आकडा न सांगताही कळते.

हॅरिएट झीफर्ट यांनी लिहिलेल्या आणि अनिता लोबेल यांनी चित्रे काढलेल्या 'अ न्यू कोट फॉर ॲना' या 1986 सालच्या पुस्तकाची मांडणी अशीच आहे, पण त्यावर युद्धाची सावली आहे. युद्ध संपले आहे, दुकाने रिकामी आहेत, जवळ पैसे नाहीत, आणि ॲनाला जुना कोट आखूड झाला आहे. तिची आई लोकरीसाठी सोन्याचे घड्याळ देते, सुतासाठी दिवा देते, विणकरणीला गळ्यातला हार आणि शिंप्याला चहाची किटली देते. मेंढ्यांची लोकर वसंत ऋतूत कातरतात, म्हणून आधी तिची वाट पाहावी लागते; पुढे रंगासाठी फळे पिकण्याची वाट पाहावी लागते; कोट हाती येईपर्यंत जवळजवळ वर्ष लोटते. मोठ्या माणसाला हे वाचताना घरातली एकेक वस्तू नाहीशी होताना दिसते, तर मुलाला कोट जवळ येताना दिसतो. दोघांनी एकाच पानाकडे पाहायचे आणि दोन वेगळ्या गोष्टी वाचायच्या, हे चित्रपुस्तकात जसे साधते तसे इतर पुस्तकांत क्वचितच साधते.

गोधडीच्या पुस्तकांकडे वळले की मोठ्याने वाचणाऱ्यासमोर पहिली अडचण शब्दाची येते. इंग्रजी पुस्तकात सगळीकडे एकच क्विल्ट असते, पण मराठीत सांगताना रजई म्हणावे, दुलई म्हणावे, गोधडी म्हणावे की वाकळ, हे चित्र पाहूनच ठरवावे लागते. रजई फुगीर असते, तिच्या पोटात कापूस भरलेला असतो. गोधडीत जुन्या कापडांचे थर एकमेकांवर पसरून त्यांवरून धावदोरा घातलेला असतो, आणि वाकळ म्हटले की तिचे वजनही अंगावर जाणवते. मी एकदा घाईत एका ठिगळांच्या पांघरुणाला रजई म्हटले, तेव्हा भाचीने मला थांबवून चित्रातली ठिगळे बोटाने मोजून दाखवली आणि गोधडी म्हणायला लावले. तिचे बरोबर होते. टाके फक्त शोभेसाठी नसतात हेही मी तिला तेव्हाच सांगितले: ते थरांना एकमेकांशी धरून ठेवतात, आणि आत कापूस असेल तर टाक्यांवाचून तो काही दिवसांत एका कोपऱ्यात गोळा होतो आणि बाकीचे पांघरूण नुसते दुहेरी कापड होऊन बसते.

पॅट्रिशिया पोलाको यांच्या 'द कीपिंग क्विल्ट' (1988) या पुस्तकात माणसे, घरे, टेबले सगळे काही पेन्सिलीच्या करड्या रेषांत आहे आणि रंग जवळजवळ फक्त गोधडीला आहे. रशियातून न्यूयॉर्कला आलेल्या एका कुटुंबातल्या लहान ॲनाचा जुना झगा आणि डोक्याचा रुमाल, काकांचा सदरा, एका आत्याचा झोपायचा झगा, दुसरीचे एप्रन यांची ती गोधडी बनते आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते. ती कधी टेबलावर पसरली जाते, कधी लग्नात वधूवरांच्या डोक्यावर मांडव म्हणून धरली जाते, कधी नवजात बाळाभोवती गुंडाळली जाते, तर कधी म्हातारपणी गुडघ्यांवर येते. माणसे करडी आणि कापड रंगीत, ही योजना मला पहिल्यांदा उलटी वाटली होती. पण चार-पाच वेळा वाचल्यावर लक्षात आले की मुलाची नजर प्रत्येक पानावर आधी गोधडी शोधते आणि मग तिच्याभोवतीच्या माणसांकडे जाते: कोण म्हातारे झाले, कोण नव्याने आले, कोण दिसत नाही. पुस्तकाचे वय वाढते ते असे.

व्हॅलेरी फ्लॉरनॉय यांनी लिहिलेले आणि जेरी पिंकनी यांनी चितारलेले 'द पॅचवर्क क्विल्ट' (1985) हे याहून शांत पुस्तक आहे. आजी घरातल्यांच्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधडी शिवायला घेते आणि मध्येच आजारी पडते. मग नात टान्या आणि तिची आई ते काम पुढे नेतात. काम बरेच पुढे गेल्यावर टान्याच्या ध्यानात येते की या गोधडीत सगळ्यांचे तुकडे आहेत, आजीचा मात्र एकही नाही, आणि ती आजीच्या जुन्या गोधडीतून तुकडे कापून आणते. एवढीच घटना, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला ती एकदम पटते, कारण यादीत कोण राहिले हे पाहण्याची मुलांना फार हौस असते. ॲन जोनास यांच्या 1984 सालच्या गोधडीच्या पुस्तकात तर ही मोजणी रात्रीच्या प्रवासात बदलते. मुलीच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या नव्या गोधडीचे चौकोन अंधारात गाव होतात, सर्कस होतात, आणि ती आपला हरवलेला कापडी कुत्रा शोधत त्यांतून फिरत राहते.

फेथ रिंगगोल्ड यांनी मात्र गोधडीचे चित्र काढले नाही, आधी गोधडीच शिवली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 1939 साली गच्चीवर झोपलेली आठ वर्षांची कॅसी उडत पुलावर जाते, ही गोष्ट त्यांनी 1988 साली कापडावर रंगवली, लिहिली आणि भोवती ठिगळांची चौकट शिवली. ते काम आज गुगेनहाइम संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यावरून 'टार बीच' हे पुस्तक 1991 साली आले, आणि त्याच्या पानांच्या खालच्या बाजूने त्याच गोधडीच्या ठिगळांची पट्टी धावते. रिंगगोल्ड यांची आई कपडे शिवणारी आणि बेतणारी होती, आणि त्यांची पहिली गोधडी या मायलेकींनी मिळून केली होती. आम्ही कधीकधी वरचे चित्र हाताने झाकतो आणि फक्त खालची पट्टी पाहत पाने उलटतो.

कापड संपत जाण्याची गोष्ट सिम्स टॅबॅक यांनी कागद कापून सांगितली आहे. 'जोसेफ हॅड अ लिटल ओव्हरकोट' (1999) हे पुस्तक एका यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, लोकगीतावर आधारलेले आहे आणि त्याला 2000 साली चित्रपुस्तकांतल्या चित्रांसाठी अमेरिकेत दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक मिळाले. जुन्या ओव्हरकोटाचे जाकीट होते, जाकिटाचे बंडी, मग मफलर, टाय, रुमाल आणि शेवटी एक बटण. पानांना खिडक्यांसारखी भोके पाडलेली आहेत, त्यामुळे पान उलटण्याआधीच पुढचा कपडा आतून डोकावतो. भाची भोकात बोट घालून ठेवते आणि पान उलटतानाही ते काढत नाही. आमच्या प्रतीच्या बटणाच्या भोकाची कड त्यामुळे पार मऊ झाली आहे. शिवणाऱ्या माणसाला हे पुस्तक विशेष पटते, कारण कोटाचा फाटका भाग टाकून धडका भाग राखायचा आणि बेतायचा, हे खरेच असे केले जाते. कोपर आणि काठ आधी विरतात, पाठीचे कापड पुष्कळ दिवस टिकते.

कपडे चढवण्याची पुस्तके हा एक वेगळाच प्रकार आहे. जोनाथन लंडन यांच्या 1992 सालच्या गोष्टीतला बेडूक बर्फात खेळायला धावतो आणि दर वेळी काहीतरी घालायचे विसरून घरी परततो. असे पुस्तक वाचताना टोपी, हातमोजे, बूट यांचे आवाज तोंडाने काढले पाहिजेत. नुसते वाचले तर त्यात फारसे काही हाती लागत नाही.

एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' (1962) मी उशिरा वाचले आणि त्यातला लाल टोकदार टोपीचा पोशाख पाहूनच भाचीने तो शेगडीचा प्रश्न विचारला होता. कीट्स यांनी हे पुस्तक चिकटकामाने केले आहे. त्यातल्या आईचा पोशाख कपाटात अंथरायच्या मेणकापडाचा आहे, बिछान्यासाठी खरे कॅनव्हास वापरले आहे आणि झोपेच्या पानामागची करडी छटा दात घासायच्या ब्रशाने शाई उडवून आणलेली आहे. म्हणजे चित्रातले कापड काही ठिकाणी खरोखर कापडच आहे. गोष्टीतला मुलगा पीटर बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो आणि उबदार घरात येतो. झोपण्यापूर्वी तो खिसा चाचपतो, तर आत काहीच नसते. जो पोशाख त्याला दिवसभर उबदार ठेवतो, त्याच पोशाखाच्या खिशात त्याचा बर्फ नाहीसा होतो. हे पान आले की मी वाचायची थांबते, कारण भाची तेव्हा स्वतःचा खिसा तपासत असते.

आणि शेवटी जॅन ब्रेट यांचे 'द मिटन' (1989), युक्रेनच्या लोककथेवर बेतलेले. नातू निकी पांढरे हातमोजे मागतो, आजी म्हणते की बर्फात पडले तर सापडायचे नाहीत, तरी विणून देते, आणि एक पडतोच. त्यात आधी चिचुंदरीसारखा मोल शिरतो, मग ससा, काटेरी हेजहॉग, घुबड, बिज्जू, कोल्हा आणि चक्क अस्वल. सगळ्यांवर कळस म्हणून एक उंदीर येतो, अस्वलाच्या नाकावर बसतो, आणि अस्वलाच्या शिंकेसरशी सगळे बाहेर उडतात. या गोष्टीचा सगळा भार विणकामावर आहे. मागावरचे कापड उभ्या-आडव्या ताणलेल्या धाग्यांचे असते, ते फार ताणले की फाटते. सुयांवरची वीण फाशांची असते, आणि प्रत्येक फासा थोडा थोडा रुंद होत जातो. हे दाखवायला मी भाचीला माझ्या स्वेटरची बाही आणि सदऱ्याची बाही दोन्ही ओढून पाहायला दिल्या. त्यानंतर तिने ते पुस्तक पुन्हा मागून घेतले आणि प्रत्येक पानावर फासे किती रुंदावले हे पाहत बसली. पानांच्या कडेला हातमोज्याच्या आकाराच्या छोट्या चौकटींत पुढे कोण येणार हे दिसत असते, तिकडे तिने त्या दिवशी पाहिलेच नाही.

निकी दोन्ही मोजे घेऊन घरी येतो. शेवटच्या चित्रात आजी दोन्ही हातांत ते धरून पाहते आहे, एक होता तेवढाच, दुसरा कितीतरी मोठा झालेला, आणि तिला काही उलगडा होत नाही. त्या पानावर शब्द नाहीत. भाची पुस्तकावर ओणवी होते आणि दर वेळी आजीला हळूच सांगते, "आत अस्वल होतं."