तुम्ही विचारलंत म्हणून: नंदी का बोलतो, पोरगा का नाही?

नागपुरात कार्यक्रम धंतोलीत असो की महालात, शेवटी एक हात वर होतोच. मुलांसाठी लिहिता, तर मुलाच्याच तोंडून का लिहीत नाही? खार, दप्तर, लाकडी नंदी हेच का बोलतात? एका पालकांनी तर सरळ विचारलं, "हे शाळेतल्या आत्मवृत्तासारखंच झालं ना, मॅडम?"

नाही झालं. फाटक्या छत्रीच्या आत्मवृत्तात छत्री बोलतच नाही, सर बोलतात. हाल सांगून झाले की ती ‘वस्तू जपून वापरा’ म्हणते आणि मार्क पडतात. माझ्या नंदीला उपदेश करायची मुभा नाही. त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच तो बोलणार. पोळ्याला शेतातल्या बैलाला आराम असतो. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, या लाकडी नंदीला मात्र चाकांवर गल्लीभर ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ नाहीतर पैसे, पडतो पोराच्या हातात. याचं नंदीला काय वाटत असेल, तिथून माझी कविता सुरू होते.

पूर्वी मी एवढंच म्हणायचे, मुलांना प्राणी आवडतात म्हणून. आता ते उत्तर मला पुरत नाही.

एप्रिल होता, सकाळची शाळा, चौथीचा वर्ग. घरातल्या एका वस्तूला बोलू द्या, असं मी सांगितलं होतं. फ्रिज बोलला, आईचा मोबाईल बोलला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि खाली मान घालून वाचू लागला: "मी कूलर. मी खूप आवाज करतो. माझं गवत जुनं झालं. बाबा ओरडायला लागले की आई मला फुल करते. मग शेजारी ऐकू जात नाही."

पहिल्या दोन वाक्यांना वर्ग हसला होता. शेवटी कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "अरे, कूलर थंड हवा देतो, ते लिही ना." मी म्हटलं, राहू द्या बाई. तोवर त्याने खोडरबर काढलाच होता. इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. खाली लिहिलं, ‘मी थंड हवा देतो.’

मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसले. विचारलं, कूलर रात्रीपण चालतो का रे?

"हो. पण लाईट गेली की बंद पडते. मग सगळ्यांना ऐकू येते."

मी ‘तुझे बाबा’ हा शब्द काढला नाही. काढला असता तर तो तिथेच मिटला असता, हे मी छातीठोकपणे सांगते. ‘मी’ म्हणून त्याला यातलं एक अक्षर बोलता आलं नसतं. कूलर होऊन त्याने सगळं सांगितलं. बाईंना नंतर बाजूला घेऊन बोलले. "घरोघरी चालतं हो," त्या म्हणाल्या.

माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. ती चिडून म्हणते, "कूलरचं सगळ्यांनी ऐकलं, पोराचं कोणी ऐकलं? त्याला ‘मी’ म्हणायला कोण शिकवणार?" मी तिच्याशी भांडते. आड घ्यायला काही असलं तरच मूल बोलतं, म्हणते. पण रात्री लाईट गेली की तिचंच म्हणणं आठवतं, आणि मला ते खोडता येत नाही.

त्याच्या ओळींवर मी कविता केलेली नाही, करणारही नाही. त्या त्याच्या आहेत. या तान्ह्या पोळ्यासाठी पुन्हा नंदीच्याच तोंडून लिहिते आहे. चार कडवी झालीत. पाचव्यात तो दोरी ओढणाऱ्या पोराला काहीतरी विचारू पाहतोय, आणि ते विचारू द्यावं की नाही, यावर माझं अजून ठरत नाही.