दबलेली कवचं ओळखताना: माझा अनुभव

नाशिकमध्ये भूशास्त्र शिकायचं म्हणजे बेसॉल्ट, गोठलेल्या लाव्हाचा काळा दगड. पांडवलेणी बेसॉल्टमध्ये कोरलेली, ब्रह्मगिरी बेसॉल्टचा, घराच्या जोत्याचा दगडही तोच. फार तर सिन्नरकडे गेलं की त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइट नावाची खनिजं बघायला मिळतात. त्यामुळे एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी खोल समुद्रातल्या ॲग्लुटिनेटेड फोरॅमिनिफेराचा विषय घेतला, तेव्हा वर्गातल्या मुलांनी "गोदाघाटावर सापडतात का गं?" असं विचारून घेतलं. नाही सापडत. माझे नमुने आले पोलंडमधल्या कार्पेथियन पर्वतातून. आमच्या मॅडमच्या ओळखीच्या एका संशोधकांनी लाल आणि हिरव्या शेलच्या, म्हणजे मातीच्या गाळापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाच्या, पुड्या पाठवल्या. पुड्यांवर फक्त आकडे. वय सांगणार नाही, तुम्हीच काढून कळवा, अशी त्यांची अट होती.

फोरॅमिनिफेरा म्हणजे कवच बांधणारे एकपेशीय जीव. बहुतेक जण पाण्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचं कवच करतात. ॲग्लुटिनेटेड मंडळी तळावरचे वाळूचे, मातीचे कण उचलून ते एकमेकांना चिकटवतात. काहींना कुठलाही कण चालतो, काही फार चोखंदळ असतात. मार्सिपेलासारखे काही स्पंजच्या सुया जमवून त्या ओळीने लावतात. यातली खरी गोम अशी की समुद्र खूप खोल असला की कार्बोनेटचं कवच टिकत नाही, विरघळून जातं. आजच्या महासागरांत ही हद्द साधारण ४ ते ५ किलोमीटरवर आहे. त्या खालच्या गाळात मागे उरतात ती ही कण चिकटवलेली घरं. कार्पेथियनमधल्या कित्येक शेलमध्ये तर दुसरं काही सापडतच नाही.

म्हणूनच या जीवांकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते तेलवाल्यांच्या गरजेतून. युझेफ ग्झिबोव्स्की (१८६९–१९२२) या पोलिश भूशास्त्रज्ञाने तिथल्या तेलविहिरींतल्या गाळातून हे जीवाश्म वेचले आणि कुठला थर कुठल्या थराशी जुळतो हे त्यांवरून ठरवून दाखवलं. क्रोस्नो भागावरचं त्याचं काम १८९८ सालचं. मी आज वापरते त्यातली कितीतरी नावं त्याने दिलेली आहेत.

आता कामाचं. शेल फोडायचा, पण आतलं कवच फुटता कामा नये. हातोडी एवढ्यापुरतीच, की सेंटिमीटरभराचे तुकडे व्हावेत. पुढचं काम ग्लॉबर सॉल्टचं, म्हणजे पाण्याचे रेणू धरून बसलेल्या सोडियम सल्फेटचं. तुकड्यांवर मीठ घालून तापवलं की ते स्वतःच्याच पाण्यात वितळतं आणि खडकाच्या फटींत शिरतं. थंड झालं की तिथेच स्फटिक वाढतात आणि शेलचे पापुद्रे आतून सुटतात. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा. हे मीठ ३२.४ अंशाला वितळतं. पुस्तकात हा आकडा वाचून कुणी पुढे जाईल, पण नाशिकच्या एप्रिलमध्ये तो आडवा येतो. दुपारी प्रयोगशाळेतच पारा त्याच्या वर असतो, मग बीकर कितीही वेळ ठेवा, आत नुसतं पाणी. फ्रिजमध्ये जागा मागावी लागते आणि फ्रिजमध्ये आधीच बॉटनीवाल्यांचं सामान. डिसेंबर-जानेवारीत मात्र मजा. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आमच्या खिडकीतले बीकर रातोरात घट्ट व्हायचे. सकाळी मामा कुलूप उघडताना म्हणायचे, "ताई, तुमचं बर्फ झालं." प्रबंधाचं वेळापत्रक मी त्यानंतर थंडीवरच बसवलं.

नंतर गरम पाण्याने सगळं मीठ धुऊन काढायचं आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ चाळायचा. माती खाली जाते, कण आणि कवचं वर राहतात. इथे एक सवय मॅडमनी पहिल्याच दिवशी लावली. एक नमुना झाला की चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून काढायची. जाळीत मागचं एखादं कवच अडकलेलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं काही दिसलं की समजायचं, हा पाहुणा मागच्या घरचा. वयाचा निर्णय कधीकधी दोन-तीन कवचांवर ठरतो, तेव्हा ही निळाई म्हणजे विम्याचा हप्ता समजा. ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवण झालं की पूर्वतयारी संपली.

वेचण्याबद्दल फार सांगत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोप, चौकटी आखलेला काळा ट्रे, ट्रिपल झिरो नंबरचा ब्रश, ब्रशच्या टोकाला पाण्याचा अंश. वेचलेलं कवच ६० घरांच्या स्लाइडवर ट्रॅगाकॅन्थ डिंकाने बसवायचं. हा डिंक पाणी लावलं की सुटतो, म्हणून कवच पुन्हा उलटं करून बघता येतं. रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात कतिरा मागितला तर बऱ्याचदा वेगळ्याच झाडाचा डिंक हातात पडतो. माझं काम त्यावरही भागलं. बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब तेवढा टाकावा.

खरं डोकं लागतं ते ओळख पटवताना. ॲटलास, म्हणजे जीवाश्मांच्या चित्रांचं पुस्तक, समोर ठेवून चित्र जुळवत बसलं की हे काम फसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲटलासमधलं कवच निवडून घेतलेलं असतं, गुबगुबीत, सगळे कप्पे जागच्या जागी. माझ्या ट्रेमधली कवचं शेकडो मीटर गाळाखाली दबून चपटी झालेली. सेंद्रिय गोंदाने चिकटवलेलं घर लवचीक, ते फुटण्याआधी दबून बसतं. म्हणून आधी विचारायचं ते हे, की हे कवच दबण्यापूर्वी कसं होतं. नाव त्यानंतर.

सुरुवात भिंतीपासून. कण मोठे की बारीक, पृष्ठभाग खरबरीत की गुळगुळीत. एखाद्या जादाच्या कवचावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून बघायचा. फसफसलं तर गोंद कार्बोनेटचा. माझ्याकडे जवळपास कधीच फसफसलं नाही, म्हणजे सेंद्रिय गोंदवाल्यांचंच राज्य.

मग कप्पे आहेत की नाही. नुसत्या नळ्या असतील तर त्यांचे तुकडेच मिळतात, अख्खी नळी मी पाहिलेली नाही. जाड भिंतीची बारीक कणांची ती बॅथिसायफॉन. पातळ भिंतीची, मधोमध बसलेली, लांबीभर खळगा पडलेली ती नोथिया. एका नळीचे किती तुकडे झाले हे देवालाच ठाऊक, म्हणून नळ्यांची मोजणी मी वेगळी ठेवली. बाकीच्यांत मिसळली असती तर सगळी टक्केवारी नळ्यांनी खाल्ली असती. नळी गुंडाळलेली असेल तर ती कशी गुंडाळली आहे ते बघायचं. एकाच पातळीत चकलीसारखी असली तर अमोडिस्कस. दिशा बदलत वेडीवाकडी गुंडाळली तर ग्लोमोस्पिरा. सुरुवात वेडीवाकडी आणि नंतर शिस्तीत एकावर एक वेढे घेत छोटासा गोळा झाला तर रेपमानिना कॅरॉइडिस, जिला जुन्या लेखांत ग्लोमोस्पिरा कॅरॉइडिस म्हटलेलं आढळतं.

कप्पेवाल्यांत खरी परीक्षा. हॅप्लोफ्रॅग्मॉइडिस, रिकर्वॉइडिस आणि ट्रोकॅमिना ही त्रयी दबली की तिघी बहिणी वाटतात. एके दुपारी असंच एक कवच ट्रेमध्ये होतं, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, पिवळट, एका बाजूने खोलगट. ब्रशने उलटं केलं. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच कप्पे, त्याच शेवटच्या वेढ्याचे, फक्त मधला खळगा जरा सरकलेला. म्हणजे वेटोळं एकाच पातळीतलं, दाब तिरका आलेला. ट्रोकॅमिना असती तर एका बाजूला सगळे वेढे दिसले असते आणि दुसरीकडे फक्त शेवटचा. मग कडेवर उभं केलं. दबलेलं कवच कडेवर उभं राहत नाही, ओल्या ब्रशला टेकवून धरावं लागतं आणि तोवर श्वास रोखायचा, नाहीतर ते उडून जातं. मुख, म्हणजे कवचाचं उघडं तोंड, दिसलं, शेवटच्या कप्प्याच्या अगदी पायाशी चिरेसारखं. हॅप्लोफ्रॅग्मॉइडिस. तेच मुख पायापासून जरा वर, कप्प्याच्या चेहऱ्यावर असतं आणि आतले वेढे बाहेरच्यांशी काटकोनाकडे झुकलेले दिसले असते, तर रिकर्वॉइडिस म्हटलं असतं.

आतले वेढे दिसत नसतील तर कवच ग्लिसरीनच्या थेंबात बुडवायचं. भिंत अर्धपारदर्शक होते आणि कप्प्यांच्या आतल्या भिंती सावलीसारख्या उमटतात. हा उपाय इतका स्वस्त आणि इतका गुणी आहे की सगळ्यांनी आधी तो करावा आणि मगच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तारीख मागावी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बाहेरचा पृष्ठभाग झकास दाखवतो, पण आतलं काहीच सांगत नाही. रेटिक्युलोफ्रॅग्मियमची ओळख तर आतच आहे. कप्प्याच्या भिंतीला आतून बारीक बारीक कोनाडे असतात, ते ओल्या कवचातच नजरेस पडतात.

एवढं करूनही काही कवचं नाव सांगत नाहीत. तिथे फक्त प्रजातीचं (जीनसचं) नाव लिहून जातीच्या (स्पीशीजच्या) जागी 'एसपी.' लिहायचं. जात जवळची वाटते पण खात्री नाही, तिथे 'सीएफ.' सुरुवातीला यादीत 'एसपी.' जास्त दिसले की कमीपणा वाटतो. माझं म्हणणं उलट आहे. चपट्या कवचांची यादी असूनही त्यात एकही 'एसपी.' नसेल तर मला त्या यादीची शंका येते.

वर्गीकरणाचा भाग वाचनाचा होता. लोब्लिक आणि टॅपन या फोरॅमिनिफेराच्या अभ्यासकांची जुनी मांडणी भिंतीला मोठा मान देते, कण चिकटवणारे सगळे एका गटात. २०१३ साली पावलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे दुसरी मांडणी केली. त्यात नळीवाले एकीकडे जातात, गोलाकार कप्पेवाले दुसरीकडे, एकाच कप्प्याचे तिसरीकडे. कण चिकटवणारे तिन्हींत विखुरलेले. म्हणजे कशाने घर बांधलं यापेक्षा कोणत्या आकाराचं बांधलं याला नात्यात जास्त वजन. ट्रेसमोर बसून मी आकाराच्याच मागे लागले होते, तेव्हा हे वाचून बरं वाटलं. प्रत्यक्ष यादी मात्र मी ॲग्लुटिनेटेड फोरॅमिनिफेराचे अभ्यासक कॅमिन्स्की यांच्या मांडणीप्रमाणे लावली. जीवाश्मांचे जनुक मिळत नाहीत आणि परीक्षकांना ओळीने कुळं लागतात.

यादी तयार झाली आणि वयं बोलू लागली. एका पुडीत रझेहाकिना फिसिस्टोमाटा निघाली, प्रत्येक वेढ्यात दोन कप्पे असलेलं चपटं, लांबट, गुळगुळीत कवच. ही कार्पेथियनमध्ये पॅलिओसीनची, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या पहिल्या कालखंडाची, खूण. दुसऱ्या पुडीत ग्लोमोस्पिरा आणि रेपमानिनाचा नुसता सुळसुळाट होता, बाकी जातींना जागाच नाही. हा पूर अर्ली इओसीनचा, म्हणजे पॅलिओसीनच्या पुढच्या कालखंडाच्या सुरुवातीचा, सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकदम तापली त्याच्या नंतरचा. तिसरीत रेटिक्युलोफ्रॅग्मियम अम्प्लेक्टेन्स, म्हणजे मिडल इओसीन. ही जात ग्झिबोव्स्कीनेच १८९८ मध्ये नोंदवलेली.

एक पुडी जुनी निघाली. त्यात रझेहाकिना एपिगोना होती, जी क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस होती आणि सीमा ओलांडून पॅलिओसीनमध्येही आहे. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, हिच्यावरून सीमेच्या अलीकडे की पलीकडे ते नाही सांगता येणार." त्या म्हणाल्या, "मग तसंच लिही. सीमा तुझ्या पायाखाली आहे, तिला काय घाबरतेस." ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या सीमेच्या आसपासच इथला लाव्हा ओतला जात होता. तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराच्या बहुतेक जाती तेव्हा संपल्या. खोल तळावरच्या या वाळूवाल्यांचं त्यामानाने फारसं बिघडलं नाही. कालखंड मोजणाऱ्याला ही मोठी अडचण आहे, कारण जो जीव मरत नाही तो तारीख सांगत नाही. त्या पुडीपुढे मी 'मास्ट्रिक्टियन (म्हणजे क्रिटेशसचा शेवटचा टप्पा) ते पॅलिओसीन' एवढंच लिहिलं.

निकाल पोलंडला कळवले. क्रम बरोबर आहे, असं उत्तर आलं, आणि जुन्या पुडीबद्दल तेही याहून बारीक काही सांगायला तयार नव्हते. तक्रार एकच होती. फोटो क्रमांक घालून त्यांनी लिहिलं होतं की माझी एक ट्रोकॅमिना त्यांना रिकर्वॉइडिस वाटते, आतला वेढा पाहा. मी डिंक ओला करून कवच सोडवलं, ग्लिसरीनमध्ये टाकलं, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवले. एका बाजूला सगळे वेढे दिसतात, दुसरीकडे शेवटचाच, मुख पायाशी. त्यांचं म्हणणं, दाबाने मुख पायाशी सरकलेलं असू शकतं. यादीत मी ट्रोकॅमिना कायम ठेवली आहे, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. त्यांनी त्याच थरातली आणखी एक पुडी पाठवायचं कबूल केलंय, ती थंडी संपायच्या आत पोहोचली म्हणजे झालं.