वल्ह्याचा दांडा समुद्रावर आखडतो, वाळूजला मोकळा होतो: कोडं सुटलं

मागच्या नोंदीत आमच्या शिडाच्या नावेचं विंडव्हेन (विजेशिवाय, वाऱ्याच्या जोरावर नाव ठरल्या दिशेला धरणारं यंत्र) खोलून गोव्याहून घरी आणल्याचं लिहिलं होतं. वारा सरकला की त्याचं वरचं पातं आडवं पडतं, त्याने पाण्यातलं वल्हं वळतं आणि ते सुकाणू ओढतं. दोष सापडला: बुश, म्हणजे वल्ह्याचा दांडा ज्यात फिरतो ती प्लास्टिकची नळी. माप बरोबर होतं, प्लास्टिक चुकीचं होतं.

लक्षणं थोडक्यात पुन्हा. वारा १५ नॉटच्या (ताशी २८ किमीच्या) वर असला की यंत्र नाव छान धरतं. ८-१० नॉटला वरचं पातं आडवं पडतं, पण पाण्यातलं वल्हं आपल्या दांड्याभोवती वळतच नाही. नाव २५-३० अंश भरकटते आणि मग एकदम झटक्याने परत येते. तेच यंत्र घरी, संभाजीनगर-वाळूजला गच्चीवर टांगलं की साध्या झुळकेवर वल्हं फिरतं.

आधी मिठावर संशय होता, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुतलं. फरक शून्य. ग्रीस लावलं तर आणखी जड झालं, कारण त्यात वाळू आणि मीठ चिकटून बसलं. प्लास्टिकच्या बुशला ग्रीस लावूच नका. काउंटरवेट (पात्याला तोलणारं वजन) बदललं, पात्याचा आस २० अंशांवर आहे ना तेही पुन्हा तपासलं. सगळं जागच्या जागी.

खरा धागा स्प्रिंग काट्याने दिला. पात्याच्या टोकाला दोरा बांधून ओढायचं आणि वल्हं किती ग्रॅमला हलतं ते बघायचं. गोव्यात खोलण्याआधीचा आकडा १८० ग्रॅम. घरी कोरड्या हवेत दीड महिना पडून राहिल्यावर ४० ग्रॅम. मधे कोणी एक स्क्रूही फिरवला नव्हता.

हे आकडे वाऱ्याशी ताडून बघा. आमचं पातं ८५० बाय २०० मिमी, ४ मिमी प्लायचं. वारा १०-१५ अंश सरकला तर ८ नॉटला पात्याच्या मध्यावर ढोबळ १०० ग्रॅम जोर येतो, म्हणजे टोकाशी ५०. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १५-१६ नॉटला तो चौपट, टोकाशी २०० च्या आसपास. १८० ग्रॅमची अडचण १५ नॉटलाच का सुटत होती, ते इथे उलगडलं.

म्हणजे ओलाव्याने काहीतरी फुगत होतं. बुशच्या रॉडचा तुकडा शिल्लक होता. त्यातून एक बुश कातून घेतला: बाहेरून ३५, आतून २५.१५, लांबी ४० मिमी. दांडा २५.०० चा. बुश दहा दिवस मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला आणि चक्क उलटं झालं. बोअर (आतलं भोक) वाढून २५.४० झाला! संशय सोडून द्यायची वेळ आली होती.

चूक चाचणीत होती. सुटी रिंग फुगते तेव्हा आतलं भोकही तिच्याबरोबर मोठं होतं. यंत्रात मात्र बुश स्टीलच्या पाइपात ठोकलेला असतो. त्याला बाहेर जायला जागा नाही, म्हणून सगळी फूग आत दांड्यावर येते. पावसाळ्यात जुनं सागवानी दार चौकटीत अडकतं, तोच प्रकार. मग दुसरा बुश पाइपात बसवून बादलीत टाकला. सुरुवातीला बोअर २५.१५. चौथ्या दिवशी २५.०६, दहाव्या दिवशी २५.०१, सतराव्या दिवशी २४.९७ आणि दांडा आत जाईना. रोजची गोड्या पाण्याची आंघोळ यालाच खतपाणी घालत होती.

रॉड डेल्रिन म्हणून घेतला होता. निघाला नायलॉन. दोन्ही पांढरे, दोन्ही खरादावर छान कापले जातात आणि बाजारात कोणताही पांढरा रॉड डेल्रिन या नावाने खपतो. फरक पाण्यात कळतो: पूर्ण मुरला तर नायलॉन ६ वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, अॅसिटल (डेल्रिन हे त्याचंच ब्रँडनाव) एक टक्क्याच्याही आत राहतो.

ओळखायची घरगुती पद्धत, दुकानातच करता येईल अशी: १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास येते. नायलॉनचा छिलका (१.१४) तरंगतो, अॅसिटलचा (१.४१) बुडतो. छिलक्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने झाडा, नाहीतर अॅसिटलही तरंगल्यासारखं दिसेल. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे मीठ हवंच. तयार बुश असेल तर वजन करा. आमच्या मापाचा बुश अॅसिटलचा असता तर सव्वासव्वीस ग्रॅमच्या आसपास भरला असता, भरला २१.७. जाळून वास घ्यायची पद्धतही आहे (नायलॉनला जळक्या केसांचा वास येतो), पण अॅसिटलच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं. मिठाचं पाणी असताना ते कशाला?

नवे बुश वाळूज एमआयडीसीत कातले. तिथले टर्नर गाड्यांच्या सुट्या भागांवर हात बसलेले, ०.०२ मिमी म्हटलं की ०.०२ च देतात. बोटीच्या कामासाठी मुंबईपर्यंत जायची गरज नाही, हे आमचं ठाम मत. क्रम असा ठेवला: बाहेरचं माप पाइपापेक्षा ०.१ मिमी जास्त, आधी प्रेसने बसवायचं आणि बोअर त्यानंतरच २५.२० ला रीम करायचा (म्हणजे कातून अचूक मापाला आणायचा). बसवताना बोअर आवळतो, म्हणून आधी रीम केलेलं फुकट जातं. आत २ मिमी रुंदीचे तीन उभे खाचे, वाळू धुऊन जायला. मोजमाप सकाळी केलं. दुपारच्या ४२ अंशांत प्लास्टिकचं माप भरवशाचं नाही.

नवा बुश एकवीस दिवस बादलीत होता: २५.२० चा २५.१७. यंत्र जोडून, बुश ओला असतानाच काटा लावला. २५ ग्रॅम! दोऱ्याला हात लागताच वल्हं वळलं. संध्याकाळभर आम्ही दोघं तेच करत बसलो.

दांडा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच ठेवला आहे. ३०४ आणि ३१६ चुंबकाने ओळखता येत नाहीत, मॉलिब्डेनमच्या थेंबाची चाचणी करून घ्या. स्टेनलेसवर स्टेनलेसचे नट कोरडे आवळले की जाम होतात, जाम न होऊ देणारी (अँटी-सीझ) पेस्ट लावाच.

हे झालं वरच्या बुशचं. उद्या दांड्याचा खालचा बुशही असाच ठोकून घेणार होतो. पण लिहितानाच लक्षात आलं की प्रेस फिट बुश समुद्रावर बदलताच येणार नाही. तेव्हा खालचा बुश दोन अर्धुकांचा, कॉलर (बाहेर आलेली कडा) असलेला, एम५ च्या (५ मिमीच्या) चार स्क्रूंनी धरलेला करायचा. दांडा न काढता नवा बसेल. प्रेसचा आवळ नसल्याने बोअर खरादावरच अंतिम मापाला आणता येईल. पाइपाला कॉलरसाठी ६ मिमी जाडीची फ्लँज (स्क्रू धरायला चपटी कडी) वेल्ड करावी लागेल आणि वेल्डच्या उष्णतेने पाइप ओढला जाईल, म्हणून आतून पुन्हा बोअरिंग आलं. टर्नरला उद्याचं काम थांबवायला सांगितलं आहे. ३०० मिमीचा अॅसिटल रॉड सुटा बरोबर ठेवू.

इलेक्ट्रॉनिक टिलर पायलट (सुकाणूचा दांडा मोटरने हलवणारं यंत्र) का नाही, असं काहींनी विचारलं होतं. तो रात्रभर बॅटरी पितो, आणि बिघडला तर समुद्रावर उघडून काही करता येत नाही. २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये (एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणेची शर्यत) भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी दुसरे आले, ती शर्यत नियमानेच विंडव्हेनवर होते. दोघांच्या नावेवर चार-चार तासांची पाळी असते. पाळीवरच्या माणसाचे हात सुकाणूत अडकले तर मासेमारीची जाळी आणि होड्यांचे दिवे बघणार कोण?

पावसाळा संपल्यावर गोवा ते कोची, साधारण ३५० सागरी मैल. त्याआधी किनाऱ्याजवळ दोन दिवस फक्त ८-१० नॉटच्या वाऱ्यात चाचणी, काटा बरोबर घेऊन. फ्लँजची जाडी ६ ऐवजी ५ मिमी चालेल का, हे कोणी करून पाहिलं असेल तर वेल्डिंगच्या आधी सांगा.