वाचणं आणि वेचणं

पहिल्याच आठवड्यात जर्मनच्या बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं: लेझन. म्हणजे वाचणं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, याचाच दुसरा अर्थ एकेक करून गोळा करणं, म्हणून द्राक्षांच्या काढणीला इथे 'लेझं' म्हणतात. मी वहीत मराठीत लिहिलं, वाचणं आणि वेचणं, आणि एकटीच हसले. आपल्याकडेही तेच की. काना काढून मात्रा दिली की झालं! बाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण काना म्हणजे काय इथूनच गाडी अडली.

तर, मी सध्या जर्मनीत आहे. गायझेनहाइम नावाच्या, बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात. नाशिकला ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला होते, तिथून एका सेमिस्टरसाठी इथे आले. सप्टेंबर २०२५ ते मार्च. मम्मीच्या मैत्रिणी आणि कॉलेजमधली ज्युनिअर पोरं सारखी विचारतात, कसं आहे, काय आहे, किती खर्च येतो. प्रत्येकीला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

खर्चाचं आधी, म्हणजे मोकळं होता येईल. सेमिस्टरची फी देवाणघेवाणीच्या करारात माफ होती, पण राहण्याजेवणाचे पैसे व्हिसाच्या आधीच एका खात्यात भरून ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ युरोच्या हिशेबाने. इथे आल्यावर त्यातले दर महिन्याला तेवढेच सुटतात. पप्पांना हे तीनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे पैसे आपलेच, अन् हप्त्याहप्त्याने मिळणारही आपल्यालाच. बँकवाल्याचं डोकं कुठं गहाण पडलंय का?"

रविवारी दुकानं बंद असतात. बाटली परत केली की २५ सेंट मिळतात. कचऱ्याचे चार डबे, त्यात चूक झाली की शेजारीण बोलते. थंडीतही दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडायची. हे सगळं तुम्ही यूट्यूबवर पाहिलेलं असणार, पुढे जाऊ.

गायझेनहाइमच का, हे मात्र सांगायला हवं. आमचं घर दिंडोरी तालुक्यातलं, साडेतीन एकर थॉमसन. म्हणजे मी द्राक्षांच्या घरातली. आणि इथली वेलींची शाळा १८७२ सालापासूनची. हेरमान म्युलर नावाच्या स्विस माणसाने १८८२ मध्ये याच गावात एक वाण तयार केला, म्युलर-थुरगाऊ. त्याचं आडनाव आणि त्याच्या गावाकडच्या परगण्याचं नाव, दोन्ही वाणाला मिळाली! पुढे शंभरेक वर्षं लोक समजत होते की हा रीसलिंग आणि सिल्व्हानरचा संकर. डीएनए तपासला तेव्हा कळलं की बाप सिल्व्हानर नव्हताच, दुसराच कुणी होता. वर्गात हे ऐकून मागच्या बाकावरचा इटालियन मुलगा जे हसला, त्याला बाहेर जावं लागलं.

आल्यावर पहिल्यांदा गावामागच्या चढावर गेले आणि खाली नदी पाहिली. ऱ्हाइन तशी उत्तरेकडे जाणारी नदी. पण इथे तिच्या वाटेत टाउनुस डोंगर आडवा येतो, म्हणून ती वळते आणि तीसेक किलोमीटर पश्चिमेला वाहते. त्यामुळे उजव्या काठाचे सगळे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खात बसतात. इथली द्राक्षशेती या एका वळणावर उभी आहे. अक्षांश ५०, आपलं नाशिक २० वर. एवढ्या उत्तरेला एरवी द्राक्ष पिकवणं मुश्कील. मला रामकुंड आठवलं. गोदावरीही तिथे जराशी वळते, दक्षिणवाहिनी होते, आणि तेवढ्यावर आपण तीर्थ उभं केलं. यांनी त्याच गोष्टीवर बागा उभ्या केल्या. कोणाचं बरोबर, यात मला पडायचं नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय.

आता काढणीचं. ते सावकाश सांगते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा काही जणांना रुडेसहाइमजवळच्या एका घरगुती बागेत काढणीला नेलं. उतार असा की आपल्या पांडवलेणीच्या पायऱ्या काढून टाकल्या आणि तिथे ओळी लावल्या तर जसं होईल तसं. पायाखाली माती कमी आणि पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे जास्त, पाऊल टाकलं की घसरतात आणि काचेसारखे वाजतात. मी मनात म्हटलं, चढाचं सोडा, पण कात्री हातात आली की दाखवते यांना. लहानपणापासून हेच पाहिलंय.

तासाभराने पाहते तर सगळे दोन-दोन ओळी पुढे, आणि मी मागे. मालकीणबाई, सत्तरीच्या असतील, खाली उतरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी काय करत होते? घड देठाला दोन बोटांनी धरायचा, मण्यांना हात लावायचा नाही, कापायचा, उलटा करून बघायचा, आणि क्रेटमध्ये झोपवायचा. बाळाला झोपवतात तसा. आमच्याकडे तसंच शिकवतात, कारण मण्यावरची पांढरट पावडर पुसली गेली की एक्स्पोर्टवाला नाक मुरडतो. बाईंनी माझ्या हातातला घड घेतला, मुठीत धरला आणि खसकन बादलीत टाकला. मग हातवारे करून दाखवलं: पोरी, याचा रसच काढायचाय!

मी ओशाळले आणि हसलेही. पण हात ऐकेना. दिवस संपेपर्यंत माझी बादली सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत रिकामी होती.

रीसलिंगचा मणी बारीक असतो, वाटाण्याएवढा, आत बिया, साल जाड. आमच्याकडे १८ एमएमच्या खाली मणी गेला की घरात सुतक असतं. त्यासाठी जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे डिप, विरळणी, काय काय. इथे मणी मोठा झाला तर उलट काळजी, कारण चव पातळ होते. रात्री पप्पांना फोटो पाठवला. त्यांचा निळ्या टिकांनंतर बऱ्याच वेळाने मेसेज आला: "पाणी कमी पडलं का त्यांना?"

या फोटोंच्या उलट बाजूला घरी काय चाललं होतं ते सांगायला हवं. इथे काढणी चालू, तेव्हा तिकडे ऑक्टोबरची छाटणी. म्हणजे मी कात्रीने घड कापत होते तेव्हा साडेतीन तास पुढच्या वेळेत पप्पा कात्रीनेच काड्या कापत होते. आणि यंदा तिकडचं गणित मेमध्येच फिसकटलं होतं. एप्रिलच्या छाटणीनंतर काडीला ऊन लागतं, तेव्हा कुठे तिच्या डोळ्यात घड धरतो. २०२५ ला मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात शिरला, त्याच्या आधीही पाऊस होताच. काडीला ऊनच मिळालं नाही. छाटणीनंतर फूट आली, पण कित्येक ठिकाणी घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा रिकामा तणावा. दिवाळीच्या आधी फोन केला तर पप्पा पाच मिनिटं हवामानावर बोलले आणि मग म्हणाले, "अर्धी बाग वाचली म्हणायची."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, वाचणं म्हणजे हेही. जर्मनमध्ये त्याला वेगळा शब्द आहे.

आणि इथे माझा इतिहासाचा तास काय, तर योहानिसबर्गची गोष्ट. आमच्या गावाच्या शेजारची टेकडी, वर राजवाडा. १७७५ मध्ये तिथली बाग फुल्डाच्या धर्माधिकाऱ्याची होती आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय काढणी करायची नाही असा नियम. परवानगी आणणारा घोडेस्वार काही आठवडे उशिरा आला. तोवर द्राक्षांवर बुरशी चढून मणी सुरकुतलेले. टाकून द्यायच्या ऐवजी त्यांनी तीच काढली, आणि वाइन अशी काही गोड झाली की उशिराची काढणी हा प्रकारच रूढ झाला. घोडेस्वाराचा पुतळासुद्धा आहे. हे पप्पांना सांगितलं. एरवी ते दोन शब्दांत संपवतात, या वेळी बोलले. "आमच्याकडं क्रेटमध्ये चार मणी सडके निघाले तर आख्खी गाडी माघारी येते. अन् यांनी पुतळा उभारला?"

थोडं फजितीचं. ऑक्टोबरात इथे फेडरवायसर विकायला येते. अर्धवट आंबलेला द्राक्षाचा रस, ताकासारखा गढूळ, गोड आणि फसफसणारा. त्यासोबत कांद्याचा केक खातात. (लासलगावच्या जवळच्या माणसाने चाखावा, कांदा उत्तम, तिखटाचा पत्ता नाही.) बाटलीत आंबणं चालूच असतं, म्हणून झाकण घट्ट लावत नाहीत, नाहीतर बाटली फुटेल. हे सगळं मला माहीत होतं. पाठ्यपुस्तकात होतं. परीक्षेतही लिहिलं असतं. आणि तरी मी बाटली सॅकमध्ये आडवी ठेवून ट्रेनमध्ये बसले. सॅकमध्ये पत्तानोंदणीचे सगळे कागद. गायझेनहाइम यायच्या आत डबाभर यीस्टचा वास, समोरचे आजोबा माझ्याकडे कौतुकाने बघताहेत. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतल्या बाईंनी चिकट कागद दोन बोटांनी उचलला, हुंगला आणि विचारलं, "यंदाची का?" शिक्का मारला. (मम्मी, मी फक्त एक घोट घेतला होता. बाकी सगळी सॅकने प्यायली.)

दिवाळीत एकटं वाटलं का? लक्ष्मीपूजनाला २१ तारखेला मंगळवार होता, दुपारी मातीचं प्रॅक्टिकल. संध्याकाळी फ्रँकफर्टला जाऊन आलेल्या एका मुलीकडून पणत्या मिळाल्या, कोंडाजीचा चिवडा मी घरून आणला होताच. खोलीतला धुराचा अलार्म आठवून पणत्या खिडकीबाहेर ठेवल्या, वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, "तिकडं अंधार लवकर पडतो का गं?" म्हटलं, हो. "मग बरंय, दिवे दिसतात."

खरा अंधार नोव्हेंबरात आला. ऑक्टोबर संपता संपता घड्याळं एक तास मागे गेली होती, घरच्या वेळेशी अंतर साडेचार तास झालं होतं, आणि आता चारनंतर दिवस आवरायला लागला. वेलींची पानं पिवळी होऊन एका आठवड्यात गळाली. मग टेकड्यांवर नुसत्या तारा आणि काळी खोडं. मला ते बघवेना. आमच्याकडे बाग अशी उघडी-बोडकी दिसली की समजावं काहीतरी बिनसलंय. आपण वर्षातून दोनदा छाटतो, वेल कधीच पुरती झोपत नाही. आणि झोपत नाही म्हणून एकसारखी जागीही होत नाही. मग डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून छाटल्यावर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. हातमोजे घालून, ओळीओळीने, बायका दिवसभर वाकून. आई-आजीच्या नखांवरचा त्या पेस्टचा रंग मला चांगला माहीत आहे.

इथे हे काम थंडी करते. फुकट. जानेवारीत सकाळी उणे ६ होतं तेव्हा प्राध्यापक हात चोळत म्हणाले, वेलीची झोप पुरी होतेय. त्याच दिवशी निफाडचा पारा घसरला म्हणून पप्पा पहाटे तीनला उठून बागेला पाणी सोडत होते. तिथे वेलीवर पाणी उतरायला आलेले, म्हणजे पिकू लागलेले मणी, थंडीने तडकले तर संपलं. थंडी तीच, एकीकडे औषध आणि एकीकडे आजार. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "मग येताना दोन किलो घेऊन ये. छाटणीच्या वेळेला लागंल."

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा संपली आणि मी दुकानात गेले. फळांच्या कप्प्यात पांढरी द्राक्षं, ५०० ग्रॅमचे पनेट, म्हणजे छोटे डबे. सवयीने लेबल वाचलं. बिनबियांची, वर्ग १, मूळ देश: इंडिएन. मी तिथेच उभी राहिले. मणी मोठे, पिवळसर हिरवे, पावडर शाबूत. म्हणजे कुणीतरी देठाला दोन बोटांनीच धरलं होतं. किंमत दोन युरो एकोणपन्नास सेंट. पप्पांना किलोला काय मिळालं ते लिहीत नाही, हे व्यापारीही वाचतात. पनेट विकत घेतला, खोलीत आल्यावर धुतला आणि एकटीने संपवला. आमची नव्हती बहुतेक. मणी १८ एमएमचा होता मात्र, मी पट्टीवर मोजला.

आता सामान बांधतेय. परवा फ्रँकफर्टहून विमान. घरी पोचेन तेव्हा वाचलेल्या अर्ध्या बागेची काढणी चालू असेल, म्हणजे एका हंगामात माझ्या दोन काढण्या. काल पप्पांनी हळूच विचारलं, "त्या रीसलिंगची एखादी काडी येईल का गं? कपड्यात गुंडाळून?" नाही येणार म्हणून सांगितलं. १८६०च्या सुमारास अमेरिकेतून अशाच हौसेने आणलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा युरोपात आला, मुळं खाणारी एक बारीक कीड. बागाच्या बागा गेल्या. आजही इथली वेल अमेरिकी खुंटावर कलम करूनच उभी असते. आपणही डॉगरीज नावाच्या खुंटावर कलम करतो, पण ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. काडी सोडा, बुटाला चिकटलेली मातीसुद्धा नेऊ नये. पप्पा म्हणाले, "बरं बरं, राहू दे."

आज दुपारी बाथरूममध्ये बसून जुन्या टूथब्रशने बुटांचे तळ घासले. खाचांमध्ये पाटीच्या दगडाचे कण घट्ट बसले होते, टोकाने कोरून काढावे लागले. एक तुकडा नखाएवढा निघाला, काळा-निळा, ओला असताना चमकत होता. तो खिडकीबाहेर टाकला, बागेच्या बाजूला. बाकी पाणी बराच वेळ करडं येत राहिलं.