जियापच्या जंगलात: काओ बांगचे दोन दिवस

आधी गाडीचं सांगतो, कारण त्याचाच राग अजून गेलेला नाही. उत्तर व्हिएतनाममधल्या काओ बांग शहरात ज्याने मला गाडी ठरवून दिली, त्याने हसत सांगितलं होतं की त्रान हुंग दाओचं जंगल आणि हो ची मिन्हची पाक बोची गुहा 'जवळजवळच' आहेत, एका दिवसात आरामात होतात. साफ खोटं. पाक बो शहराच्या उत्तरेला, चिनी सीमेला लागून. जंगल दुसऱ्याच दिशेला, न्गुयेन बिन्हच्या डोंगरात. एकीकडून दुसरीकडे जायचं तर परत शहराकडे यावं लागतं. आठ लाख डोंग ठरले होते, संध्याकाळी चौदा लाख मागितले. थांबल्याचे वेगळे, घाटाचे वेगळे. अंधार पडला होता, पाऊस होता, मी दिले. तुम्ही देऊ नका. रक्कम, ठिकाणं आणि थांबण्याचे तास हे तिन्ही फोनवर टाइप करून चालकाला दाखवा, त्याच्याकडून 'हो' घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आता तिथे गेलोच का, ते. 'व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. मी तो वर्षानुवर्षं खरा धरून चाललो होतो. त्यांच्या सैन्याचा जन्म ज्या जंगलात झाला तिथे महाराजांचं नाव कुठेतरी दिसेल, या आशेने सगळे जातात ती हालाँग बेची खाडी सोडून दोन दिवस इकडे काढले. भाषांतराचं अॅप धरून एकूण एक फलक वाचला. महाराजांचं नाव कुठेही नाही. जंगलाला नाव आहे ते तेराव्या शतकात मंगोल फौजा परतवणाऱ्या त्रान हुंग दाओचं. त्यांचा वीर त्यांच्या घरचाच आहे. मला वाईट वाटलं, पण फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हे एकदा तिथे उभं राहून वाचावं असंही वाटलं. महाराजांची थोरवी सिद्ध करायला दुसऱ्यांचा इतिहास उचलायची गरज नाही.

आणि खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. हे सैन्य उभं करणारा सेनापती व्हो न्गुयेन जियाप हा लष्करी शाळेत शिकलेला माणूसच नव्हे. जन्म १९११चा, क्वांग बिन्हचा. ह्युएच्या शाळेतून संपात पडल्याबद्दल १९२७ मध्ये काढून टाकलेला, १९३० मध्ये तुरुंगात गेलेला. पुढे हनोईत कायद्याची पदवी घेतली, थांग लाँग नावाच्या खाजगी शाळेत इतिहास शिकवला, वर्तमानपत्रांत लिहिलं, त्रुओंग चिन्ह या कम्युनिस्ट सहकाऱ्याबरोबर शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. १९४०च्या मे महिन्यात बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तो फाम व्हान दाँग या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर चीनमध्ये गेला आणि तिथे हो ची मिन्हला भेटला. बायको पुढे पकडली गेली आणि हनोईच्या तुरुंगातच वारली. पुन्हा भेट नाही.

२२ डिसेंबर १९४४ला या जंगलात जियापच्या हाताखाली सैन्याची पहिली तुकडी उभी राहिली. चौतीस जण, त्यात तीन बायका. हत्यारं म्हणजे एक मशीनगन, थोड्या रायफली आणि ठासणीच्या जुनाट बंदुका. हो ची मिन्हचा आदेश सिगारेटच्या पाकिटात घालून आला होता. तुकडीच्या नावातच 'प्रचार' हा शब्द होता, कारण बंदुकीपेक्षा राजकारण मोठं, गावोगाव माणसं जोडायची, असं त्यात बजावलं होतं. त्याच आदेशात महिन्याभरात पहिली लढाई जिंकायची अशी अटही होती. त्या संध्याकाळी सगळे बिनमिठाचं जेवले. तीनच दिवसांनी, २५ तारखेला, फ्रेंच सरकारच्या गस्तीचा वेष करून फाय खातच्या ठाण्यात शिरले, दुसऱ्या सकाळी ना न्गान घेतलं. दोन्ही ठाणी एकाच युक्तीने. इतिहासाच्या मास्तराची ही पहिली लढाई. फ्रेंचांना हरवलं त्या दिएन बिएन फूच्या लढाईला अजून दहा वर्षं होती.

आता पायऱ्या. जिथे शपथ घेतली ती जागा सोपी आहे, कोणीही जाईल. त्रास वरच्या टेहळणीच्या टोकाला जाताना होतो. मी नोव्हेंबरात गेलो, भुरभुर चालू होती आणि दगडी पायऱ्यांवर शेवाळ असं की पाय टेकवला की सटकतो. तीनशेनंतर मोजायचं सोडलं. चढताना काही नाही, राजगड चढणाऱ्याला दम लागणार नाही. उतरताना मात्र दोनदा बसत बसत उतरलो, आणि गुडघे दोन दिवस बोलत होते. तळ घासलेले बूट असतील तर वर जाऊच नका. काठी खालूनच घ्या. वर ढग असतील तर दिसत काहीही नाही, पण मी पाच मिनिटं उभा राहिलो, ढग जरा फाटले आणि खालची दरी दिसली, तेव्हा चौतीस माणसांनी ही जागा का निवडली ते कळलं. अंगावर काटा आला. पावसात असाल तरीही जा, मी म्हणेन. (हे मी खाली उतरल्यावर लिहितोय. उतरताना विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं.)

बाकीचं थोडक्यात. हनोईहून काओ बांग साधारण २८० किलोमीटर, रस्ता घाटाचा. रात्रीची झोपायची बस घेऊ नका: पहाटे साडेतीनला स्टँडवर उतरवलं, सगळं बंद, आणि तिथे घोटाळणारा गाडीवाला तुम्हाला तेव्हाच गाठतो. माझं तसंच झालं. दिवसाच्या बसने जा, रात्री शहरात झोपा, सकाळी सातला निघा. जंगलाला एक अख्खा दिवस द्या, पाक बोला दुसरा. २२ डिसेंबर हा त्यांचा सैन्यदिन, तेव्हा गर्दी असते.

शाकाहारी असाल तर 'आन चाय' हे दोन शब्द व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून ठेवा. तिथले बान्ह कुओन, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या, दिसायला आपल्या पानगीसारखे मऊ, पण सोबतचा रस्सा हाडांचा असतो. मी विचारलं नाही, अर्धी वाटी प्यायलो. आधी विचारा.

बान ज्योकचा धबधबाही पाहिला. छान आहे, सोपा आहे, सगळे जातातच.